घरगुती प्रवाळ मत्स्यालयासाठी एलईडी प्रकाशयोजनेची निवड : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

मराठी माणसाला पोवळे परिचित आहे ते नवरत्नांपैकी एक रत्न म्हणून. अंगठीत बसविले जाणारे हे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रात, अंधुक प्रकाशाच्या कपारींत वाढते आणि त्याला जगण्यासाठी सूर्यप्रकाशाची गरज नसते. याउलट, उष्ण कटिबंधातील उथळ सागरात प्रवाळभित्ती उभारणारे बहुसंख्य प्रवाळ प्रकाशाशिवाय जगू शकत नाहीत. दोन्ही प्राणीच; मात्र एक पाण्यातून वाहत येणाऱ्या अन्नावर जगतो, तर दुसऱ्याचे पोषण मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असते. घरात अथवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रवाळ मत्स्यालय उभारताना हा भेद प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. माशांच्या टाकीत दिवा पाहणाऱ्यासाठी असतो; प्रवाळांच्या टाकीत तो अन्नपुरवठ्याचे साधन असतो.

सन २००० नंतरच्या दोन दशकांत मेटल हॅलाइड दिवे आणि टी-५ प्रतिदीप्ती नळ्या यांची जागा एलईडी दिव्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. परंतु दिव्याची निवड अद्यापही अनेकदा वॅट, किंमत अथवा जाहिरातीतील रंग पाहून केली जाते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील जीवशास्त्रीय व भौतिक तत्त्वे स्पष्ट करून एका मध्यम आकाराच्या टाकीसाठी प्रत्यक्ष आकडेमोड मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवाळ आणि प्रकाश

प्रवाळाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल सहजीवी म्हणून राहते. ते प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या शर्करा व इतर सेंद्रिय द्रव्यांचा मोठा भाग यजमान प्राण्यास देते आणि मोबदल्यात कार्बन डायऑक्साइड, नत्रयुक्त पदार्थ व आश्रय मिळविते. या शैवालात हरितद्रव्य-अ, हरितद्रव्य-क आणि पेरिडिनिन ही प्रमुख रंगद्रव्ये असतात. हरितद्रव्ये ४३० ते ४६० नॅनोमीटर या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात आणि काही प्रमाणात तांबड्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. पेरिडिनिन निळ्या-हिरव्या पट्ट्यात शोषण करून उर्वरित उणीव भरून काढते.

समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा प्रकाश खोलवर पोहोचतो. त्यामुळे निळ्या प्रकाशाचा वापर करण्याची क्षमता या सहजीवनात मुळातच आहे. सन २०१४ मध्ये स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तांबड्या प्रकाशाचा प्रवाळाच्या सहजीवी शैवालावर प्रतिकूल परिणाम नोंदविला गेला. म्हणून प्रवाळाच्या दिव्यात तांबड्या डायोडचे प्रमाण अल्प ठेवणे श्रेयस्कर.

प्रकाश कमी पडल्यास उपासमार होते हे उघड आहे. परंतु अतिप्रकाशही तितकाच घातक असतो. शैवालाच्या क्षमतेपेक्षा अधिक ऊर्जा मिळाल्यास पेशीत ऑक्सिजनची विघातक रूपे निर्माण होतात, प्राणी शैवालाचा त्याग करतो आणि प्रवाळ पांढरा पडतो. हेच ते विरंजन होय.

प्रकाश कसा मोजावा?

प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणांची संख्या महत्त्वाची असते. दर सेकंदाला एक चौरस मीटर क्षेत्रावर पडणारे असे प्रकाशकण मायक्रोमोलमध्ये मोजतात. या मापास व्यवहारात 'पार' मूल्य म्हटले जाते. भर दुपारच्या स्वच्छ सूर्यप्रकाशात हे मूल्य सुमारे २००० असते.

येथे एका प्रचलित चुकीचा निर्देश करणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेत सहज उपलब्ध असणारा लक्समापक मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेला असतो आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशास सर्वाधिक प्रतिसाद देतो. सूर्यप्रकाशात एक मायक्रोमोल म्हणजे साधारण ५४ लक्स. परंतु ४५० ते ४५५ नॅनोमीटरच्या शुद्ध निळ्या एलईडीच्या बाबतीत तेच प्रमाण केवळ ७ ते ९ लक्स इतके येते. अर्थात, सूर्यप्रकाशाचे गुणोत्तर वापरून निळ्या दिव्याचे वाचन घेतल्यास प्रकाश प्रत्यक्षापेक्षा सहा ते आठ पटींनी कमी भासतो.

ही केवळ तात्त्विक अडचण नव्हे. प्रस्तुत लेखकाने आपल्या घरच्या मृदू प्रवाळांच्या टाकीवरील प्रतिदीप्ती नळ्या काढून एलईडी दिवा बसविला, तेव्हा लक्समापकाचे वाचन कमी दिसल्यामुळे दिवा पूर्ण क्षमतेने चालविला. डोळ्यांनाही टाकी पूर्वीपेक्षा मंदच वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात वरच्या खडकावरील डिस्कोसोमा आक्रसून पांढुरके झाले आणि त्यांपैकी निम्मे वाचले नाहीत. दिव्यात दोष नव्हता. दोष मापनपद्धतीच्या निवडीत होता.

तात्पर्य, मापन क्वांटम संवेदकानेच करावे. जुन्या बनावटीचे काही संवेदक निळ्या प्रकाशाची नोंद कमी करतात. म्हणून पूर्ण वर्णपटासाठी बनविलेला, पाण्याखाली वापरता येणारा संवेदक घ्यावा व त्यास पाण्यातील वाचनाची दुरुस्ती लागू करावी. उपकरण महाग असल्याने परिसरातील दोन-तीन महाविद्यालयांनी ते सामायिकरीत्या घेणे व्यवहार्य ठरेल.

किती प्रकाश आवश्यक?

मत्स्यालय जोपासणाऱ्यांच्या दीर्घ अनुभवातून काही मर्यादा सर्वसाधारणपणे मान्य झाल्या आहेत. डिस्कोसोमासारख्या मशरूम प्रवाळांना ५० ते १००, झोअँथस, सिन्युलेरिया व सार्कोफायटॉन यांना ८० ते १५०, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना १०० ते २००, तर ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना २०० ते ४०० मायक्रोमोल प्रकाश पुरतो. ही मूल्ये मार्गदर्शक आहेत. प्रवाळ ज्या प्रकाशात वाढला त्याचाही विचार करावा लागतो.

तीव्रतेइतकाच कालावधी महत्त्वाचा आहे. १०० मायक्रोमोल प्रकाश ९ तास मिळाल्यास दिवसाची बेरीज ३.२४ मोल होते. तीव्रता कमी असल्यास कालावधी काहीसा वाढविता येतो; तथापि सहजीवनास अंधाराचीही गरज असल्याने चोवीस तास दिवा चालू ठेवणे योग्य नव्हे.

वॅटवरून प्रकाशाकडे : एक उदाहरण

१२० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर उंच अशी ३०० लिटरची टाकी घेऊ. तीत मृदू प्रवाळ ठेवायचे असून सरासरी १२० मायक्रोमोल प्रकाश अपेक्षित आहे.

टाकीचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर असल्याने आवश्यक प्रकाश सेकंदाला ७२ मायक्रोमोल. चांगला एलईडी दिवा दर ज्यूल विजेमागे सुमारे २ मायक्रोमोल प्रकाश देतो. म्हणजे आदर्श स्थितीत ३६ वॅट पुरेसे आहेत. पृष्ठभागावरील परावर्तन, टाकीबाहेर सांडणारा प्रकाश व काचेवरील क्षार यांमुळे निम्मा प्रकाश वाया जातो असे धरल्यास गरज ७२ वॅटची येते. थोडी राखीव क्षमता ठेवून ८० ते १०० वॅटचा दिवा पुरेसा होईल.

अशाच टाकीवर पूर्वी ५४ वॅटच्या चार टी-५ नळ्या वापरल्या जात. ९ तासांच्या हिशेबाने त्या महिन्याला सुमारे ५८ युनिट वीज घेत; ८० वॅटचा एलईडी दिवा सुमारे २२ युनिट घेतो. शिवाय नळ्या साधारण वर्षभराने बदलाव्या लागत आणि त्यांतील पाऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न उरे. एलईडीची उष्णता मुख्यतः वरच्या धातूच्या पट्टीतून हवेत जाते व पाण्याकडे अवरक्त किरण अत्यल्प येतात. कोकणच्या उन्हाळ्यात पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसवर जाऊ न देणे हीच मुख्य चिंता असते; त्या दृष्टीने हा लाभ मोलाचा आहे.

दिवा निवडताना पाहावयाच्या बाबी

१. वर्णपट : मुख्य भर ४५० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या डायोडवर असावा, जोडीला ४०० ते ४२५ नॅनोमीटरचे जांभळे व काही पांढरे डायोड असावेत. जांभळ्या-निळ्या प्रकाशात प्रवाळांतील प्रतिदीप्त प्रथिने हिरवी, नारिंगी अशी उजळतात. मात्र ही उजळणी आरोग्याचे प्रमाण नव्हे. १०,००० अथवा २०,००० केल्विन ही संख्या केवळ दृश्य रंगछटा सांगते, प्रत्यक्ष वर्णपट नव्हे. उत्पादकाकडून वर्णपटाचा आलेख मागावा.

२. प्रकाशाचा विस्तार : अरुंद कोनाच्या भिंगामुळे दिव्याखाली तीव्र प्रकाशाचा ठिपका व कडेला अंधार निर्माण होतो. १२० सेंटिमीटरच्या टाकीवर एका प्रखर दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे किंवा लांब पट्टी अधिक समान प्रकाश देते व खडकांच्या सावल्याही सौम्य होतात.

३. तीव्रतेचे नियंत्रण : प्रत्येक रंग स्वतंत्रपणे कमी-अधिक करण्याची सोय असावी. ही सोय नसलेला दिवा स्वस्त असला तरी घेऊ नये. कारण नव्या प्रकाशाची सवय लावणे मग अशक्य होते.

४. विद्युत सुरक्षा : खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात दमटपणा व क्षारांचा थर अटळ असतो. दिवा जलरोधक असावा, जोडणीस अर्थिंग असावे, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा व वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

५. देखभाल : पंख्यावरील धूळ व भिंगावरील क्षार नियमित पुसावेत. वीज खंडित झाल्यास इन्व्हर्टरवर प्रथम पाणी फिरविणारा पंप चालवावा. एक दिवसाचा अंधार प्रवाळ सहन करतो. प्राणवायूचा अभाव मात्र काही तासांतच जीवघेणा ठरतो.

प्रकाशाची सवय

नवा दिवा पूर्ण तीव्रतेवर सुरू करू नये. प्रथम दिवा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवून तळाशी, मध्यभागी व वरच्या खडकावर दर २० सेंटिमीटरवर वाचने घेऊन नकाशा तयार करावा. त्यानंतर दर आठवड्यास सुमारे ५ टक्के वाढ करीत इष्ट मूल्य गाठावे. प्रवाळ तपकिरी होऊन लांबट ताणू लागल्यास प्रकाश अपुरा आहे असे समजावे. फिकट होऊन आक्रसल्यास तो अधिक आहे. दोन्ही प्रसंगी बदल लहान करावा व परिणामासाठी किमान दोन आठवडे थांबावे.

कायदा आणि विवेक

भारतात ही चर्चा केवळ दिव्यापाशी थांबू शकत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळभित्ती उभारणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व सागरपंखे यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या सुधारणेने वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या तरतुदीही या अधिनियमात आल्या व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. म्हणून ॲक्रोपोरासाठी किती प्रकाश लागतो हे जाणणे अभ्यासाचा भाग असला, तरी तो घरात ठेवण्याचा विचार करू नये. वरील उदाहरणात मृदू प्रवाळच घेतले आहेत ते याच कारणास्तव. तेही वैध स्रोताचा पुरावा पाहूनच घ्यावेत. मालवण येथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि विजयदुर्गपासून दूर समुद्रात आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. ही नैसर्गिक संपदा आपल्या टाकीची रोपवाटिका नव्हे.

निष्कर्ष

प्रवाळ मत्स्यालयासाठी दिवा निवडताना प्रथम प्राणी, नंतर त्याची प्रकाशाची गरज, त्यानंतर टाकीचे क्षेत्रफळ व शेवटी वॅट आणि किंमत असा क्रम ठेवणे योग्य ठरते. निळ्या प्रकाशाच्या बाबतीत मानवी डोळा आणि लक्समापक दोन्ही फसतात, म्हणून क्वांटम मापनास पर्याय नाही. अधिक प्रखर दिवा म्हणजे अधिक चांगला दिवा हा समज सोडावा लागेल. विभागात अशी टाकी असल्यास विद्यार्थ्यांकडून प्रकाशनकाशा तयार करवून घ्यावा. वर्णपट, सहजीवन व मापनातील त्रुटी हे तीन विषय त्यांना एकाच प्रात्यक्षिकात शिकता येतील आणि टाकीतील जीवही जगतील.