वळणागणिक जड होणारी केबल

घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या पॅनेलवर तीन नॉब बहुधा ओळीने दिसतात. काळा थ्रॉटलचा, निळा पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा, लाल इंधन आणि हवेच्या मिश्रणाचा. काळा नॉब आत ढकलला की पत्र्यापलीकडे १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन गर्जू लागतं. आणि या दोघांना जोडतं कोण? नळीत सरकणारी एक पोलादी तार!

सरळ दांडी का नाही लावत? कारण इंजिन रबरी बुशांवर बसवलेलं असतं. सुरू होताना आणि थांबताना ते चांगलंच हलतं. दांडी त्याच्याबरोबर थ्रॉटलही हलवेल. मग अर्नेस्ट बाउडन यांची युक्ती कामी येते. १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं: लवचीक नळी दोन्ही टोकांना पक्की धरा, आतली तार ओढा, आणि ओढ हव्या त्या कोपऱ्याभोवती वळवून न्या. सायकलच्या ब्रेकची केबल तीच.

विमानात मात्र तारेने ढकलायचंही असतं. तारेने ढकलायचं! मोकळी तार तर लगेच वाकेल. पण नळीत तिला वाकायला जागाच नाही. ती थोडी नागमोडी होऊन भिंतींना टेकते आणि जोर पुढे पोचवते. तेवढं जास्त घासत असल्यामुळे ढकलताना केबल थोडी जड लागते.

खरी गंमत वळणांत आहे. धक्क्यावरचा खलाशी लाँचचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि एका हाताने अख्खी लाँच रोखतो. कसं जमतं? प्रत्येक वेढा घर्षणाची बेरीज नाही, गुणाकार करतो. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी याचं गणित मांडलं, आणि तेच आपल्या तारेलाही लागू पडतं. घर्षणाचा गुणांक ०.२ धरा. काटकोनाचं एक वळण आलं की इंजिनकडे एक किलोचा ओढा पोचवायला हाताला १.३७ किलो लावावे लागतात. चार वळणांना किती? बेरजेने अडीच किलोंच्या आत भागलं असतं. प्रत्यक्षात लागतात साडेतीन!

त्याहून नवल म्हणजे या हिशेबात वळण मोठं की लहान याला किंमतच नाही. तार एकूण किती अंश वळली एवढंच मोजलं जातं. (खरी तार जाड असते, वाकायला कुरकुरते, म्हणून फार आवळलेलं वळण वेगळा त्रास देतंच.) आता कळतं की केबल जड चालण्याची तक्रार घरी बांधलेल्या विमानांत का भेटते. केबल कुठून न्यायची हे तिथे बांधणारा स्वतः ठरवतो. एकाच किटची दोन विमानं घ्या, केबलचा मार्ग दोन तऱ्हांचा.

मग दोष शोधायचा कसा? आधी इंजिनकडचं टोक सोडवा आणि नॉब हलवा. हलका झाला? मग केबल निर्दोष. कार्ब्युरेटरचा दांडा अडतोय किंवा केबल त्याला तिरकी ओढतेय. अजूनही जड आहे? मग केबल जागेवर धरून ठेवणारे क्लॅम्प एकेक करून ढिले करा. मला या तपासातला हाच क्षण सर्वांत आवडतो: एक स्क्रू दोन फेरे सैल होतो आणि हटून बसलेला नॉब सर्रकन सरकतो. जास्त आवळलेल्या क्लॅम्पने नळी किंचित चपटी केलेली असते, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनाअलीकडच्या पत्र्याच्या, भोकातून केबल तिरकी घुसत असेल तर तिथलं छोटंसं वळणही गुणाकारात धरा. सगळं ढिलं करूनही जड राहिली, तर केबल काढून जमिनीवर सरळ पसरून पाहा. तिथेही जड असेल तर दोष आतच आहे.

अशा वेळी हात तेलाच्या बुधलीकडे जातो. थांबा! बऱ्याच केबलच्या नळीला आतून टेफ्लॉनचं अस्तर असतं. त्याला तेल नको असतं, उलट तेलाला धूळ चिकटते आणि केबल आणखी जड होते. अस्तरच खराब झालं असेल तर केबल बदलावी, हेच बरं. आणि नवी बसवण्याआधी जुनीच्या वाटेवर नजर टाकावी: एक्झॉस्टचा पाइप किती जवळ आहे? हँगरमध्ये गार असताना सुतासारखी चालणारी केबल उड्डाणानंतर जड होत असेल, तर पहिला संशय त्या पाइपाच्या उष्णतेवर घ्यावा.