दगड फोडताना श्वास सांभाळा

दगड फोडायला ताकद लागते, ही समजूत नवशिक्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच मोडते. जोरात घाव घातला की दगडाचा भुगा होतो, हळू घातला की काहीच होत नाही. आणि शेजारी बसलेला जाणता माणूस मनगटाच्या एका झटक्यात पातळ, लांब, कागद कापेल इतका धारदार छिलका काढून दाखवतो. अश्मयुगीन माणसासारखी दगडाची हत्यारे घडवण्याच्या या कलेला ‘फ्लिंटनॅपिंग’ म्हणतात. पुरातत्त्वाचे विद्यार्थी ती अभ्यास म्हणून शिकतात, तर अमेरिका-युरोपात अनेक जण छंद म्हणून. शिकवणारे धार आणि कोन यांविषयी भरभरून बोलतात. धुळीविषयी मात्र बऱ्याचदा शेवटी, जाता जाता.

खिडकीच्या काचेवर छर्रा लागला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा तुकडा उडतो. हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशा तड्यांचा अभ्यास केला, म्हणून हा ‘हर्ट्‌झचा शंकू’. काचेसारख्या एकजीव दगडातही तडा असाच पसरतो. शंकूचा एक काप दगडाच्या कडेवरून उतरवणे, एवढेच नॅपिंग. त्यासाठी घाव पडतो ती सपाट जागा आणि तिच्या खालची बाजू यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा. कोन जमला तर लहानसा दगडही पुरतो. नाही जमला तर घणही उपयोगाचा नाही. नवशिक्यांचे बहुतेक दगड इथेच वाया जातात.

दगड कोणताही चालत नाही. युरोपात चकमकीचा दगड, ज्वालामुखीच्या प्रदेशात ऑब्सिडियन नावाची नैसर्गिक काच. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये कॅल्सिडनी, अकीक, जास्पर सापडतात, आणि इथल्या अश्मयुगीन माणसाने त्यांचा भरपूर वापर केला. प्रवरेकाठच्या नेवाशाला अशा दगडांची छिलक्यांवर बनवलेली हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी १९६४ साली दगडी हत्यारे कशी घडवत असत यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मात्र अशा प्राचीन स्थळांवरून सरावासाठी दगड उचलू नयेत. आपल्याला खडा वाटतो तो पुरावा असू शकतो.

सरावाला सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे बाटलीचा जाड तळ. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस मानला गेलेला इशी १९११ ते १९१६ या काळात तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. बाटलीच्या काचेपासून त्याने बनवलेली बाणाची टोके आजही जाणकारांना थक्क करतात.

हत्यारे घडवण्याची हत्यारे घरीच होतात. नदीतला मुठीत मावेल असा गुळगुळीत गोटा हा पहिला हातोडा. तो घडवायच्या दगडापेक्षा किंचित मऊ असला तर घाव चांगला बसतो. बारीक काम घाव घालून नव्हे, दाब देऊन होते. त्यासाठी कानशीचा जुना लाकडी दांडा घ्यावा, त्याला भोक पाडून अर्थिंगच्या जाड तांब्याच्या तारेचा तुकडा ठोकून बसवावा आणि बाहेर आलेले टोक निमुळते करावे. टोक ठोकून निमुळते केले तर तांबे कडकही होते. तळहातावर ठेवायला जाड चामड्याचा तुकडा आणि कड घासायला शाणेचा मोडका तुकडा, झाले साहित्य. परदेशी पुस्तके हरणाचे शिंग वापरायला सांगतात. आपल्याकडे तो विचारही करू नये. चितळ-सांबराची शिंगे, अगदी रानात गळून पडलेलीही, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात.

हे कौशल्य सावकाश येते, आणि येताना मेंदूवर खूण ठेवते. डीट्रिच स्टाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा शिक्षणाआधी, मध्ये आणि नंतर घेतल्या. नियोजन आणि हाताची हालचाल यांच्याशी निगडित भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये बदल दिसला, असे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले.

आता धूळ. चकमक, कॅल्सिडनी, अकीक, जास्पर हे सारे मुख्यतः स्फटिकी सिलिका. त्यांची अतिसूक्ष्म धूळ नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाते. तिथल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. सूज येते, व्रण धरतात, फुफ्फुस कडक होत जाते. हा सिलिकोसिस. झालेली हानी भरून येत नाही, काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो आणि क्षयाचा धोका चढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ मानवी कर्करोगकारक ठरवली आहे.

इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात बंदुकीच्या चापासाठी चकमकीचे तुकडे पाडणारे कारागीर बंद शेडमध्ये बसत. छातीच्या विकाराने त्यांच्यातले अनेक जण अकाली गेले. आपल्या जवळचे उदाहरण गुजरातमधल्या खंभातचे. तिथले अकीक कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात आणि मण्याचा आकार काढतात. ही हातोटी फार जुनी आहे. ठोकण्यापेक्षा मणी घासताना अधिक धूळ उडते, आणि खंभातच्या घासणाऱ्या कामगारांमधला सिलिकोसिस वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेला आहे.

सुट्टीच्या दिवशी अंगणात बसणाऱ्याची आणि जन्मभर घासणाऱ्या कामगाराची तुलना होत नाही, हे खरे. पण छंदिष्टही कड घासतो: कच्ची कड घावाखाली चुरते म्हणून ती आधी शाणेवर बोथट करावी लागते, आणि त्याच क्षणी त्याचे नाक दगडावर असते. शिवाय पावसाळ्यात हे काम खोलीत, गॅलरीत शिरते. तिथे पडलेली धूळ नंतर घरातले सगळेच श्वासात घेतात, रांगणारे मूलही.

म्हणून काम उघड्यावरच, वारा एका बाजूने वाहत असेल असे बसून करावे. रुमाल पुरत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. घासताना कड ओली करावी. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे बाहेरच उतरवून वेगळे धुवावेत. काच आणि ऑब्सिडियन स्फटिकी नसल्याने त्यांच्यापासून सिलिकोसिसची भीती कमी, पण त्यांचे तुकडे डोळ्यांना अधिक वाईट. बंद कडांचा चष्मा पहिल्या घावाआधीच चढवावा. डोळ्यात कण गेला तर चोळू नये, नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दगड मांडीवर धरतात, म्हणून मांडीवरही जाड चामडे हवे. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. जखम झाली तर वाहत्या पाण्याने धुऊन घट्ट दाबून धरावी, धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे. दमा किंवा जुना क्षय असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

खाली ताडपत्री अंथरली की छिलके गोळा करणे सोपे जाते. ते जाड डब्यात भरून, त्यावर ‘धारदार’ असे लिहून कचऱ्यात द्यावेत. कचरा वेचणाऱ्यांचे हात उघडे असतात. नदीकाठी किंवा टेकडीवर टाकून तर मुळीच येऊ नये, कारण कालचा छिलका आणि दहा हजार वर्षांपूर्वीचा छिलका यांत फरक ओळखणे अभ्यासकालाही जड जाते. काही नॅपर आपल्या ढिगात मुद्दाम एखादे नवे नाणे टाकून ठेवतात.