करमुद्रा आणि मालाचा माग

कर्वेनगरच्या परिसरात ‘वारजे जकात नाका’ हे स्थलनाम अद्याप प्रचारात आहे. जकात मात्र १ एप्रिल २०१३ पासून पुणे शहरातून उठली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने संपुष्टात आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू झाला. जकातीचा पाया स्थळ हा होता. मालाने शहराची सीमा ओलांडली की तेथेच कर घ्यावयाचा आणि पावती द्यावयाची, इतकी ती व्यवस्था सरळ होती. सीमेवरील नाका नाहीसा झाला म्हणजे मात्र एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: दुकानात विक्रीस मांडलेल्या एखाद्या नगावरील कर भरला गेला आहे की नाही, हे त्या नगाकडे पाहून कसे ओळखावे? करमुद्रा आणि मागोवा-पद्धती ही या प्रश्नाची दोन उत्तरे होत. ती वरकरणी सारखी दिसत असली, तरी त्यांचे स्वरूप मूलतः भिन्न आहे. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करमुद्रा म्हणजे कर भरल्याची वस्तूवरच चिकटविलेली पावती. भारतातील तिचे ठळक उदाहरण काडेपेटीचे आहे. १९३४ च्या कायद्याने काडेपेट्यांवर अबकारी कर बसविण्यात आला. कारखानदाराने शासनाकडून बँडरोल नावाच्या कागदी पट्ट्या विकत घ्यावयाच्या आणि त्या पेट्यांना चिकटवावयाच्या, अशी त्याच्या वसुलीची रीत होती. अंबरनाथच्या विमकोसारखा मोठा कारखाना असो की शिवकाशीचा लहान उत्पादक असो, पट्टीची खरेदी हाच कराचा भरणा ठरे. हिशेबाच्या वह्या तपासण्याचे काम त्यामुळे पुष्कळ हलके झाले. तथापि ही रीत दोन गृहीतांवर उभी असते: मुद्रेची नक्कल करता येणार नाही, आणि एकदा वापरलेली मुद्रा पुन्हा वापरता येणार नाही. यांतील एक जरी ढळले, तरी मुद्रा असूनही कर नाही, अशी स्थिती उद्भवते.

मालाचा माग काढण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. १९४३ पासून तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर लागू झाला. निपाणीसारख्या पेठांच्या परिसरात शेतकऱ्याने लागवडीची माहिती द्यावयाची, माल परवानाधारक वखारीत ठेवावयाचा आणि परवान्याविना तो हलवावयाचा नाही, असे निर्बंध होते. शेतापासून विडीच्या कारखान्यापर्यंतची साखळी अशा रीतीने कागदावर उभी राही. परंतु हा माग पोत्याचा होता, विडीच्या कट्ट्याचा नव्हे. शिवाय प्रत्येक नोंद वेगळ्या वहीत व वेगळ्या कचेरीत असल्याने ताळमेळ घेणे अतिशय कष्टाचे होते. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये रद्द झाला.

ताळमेळाच्या अभावी काय घडू शकते, याचा धडा महाराष्ट्राला मुद्रांक शुल्काच्या क्षेत्रात मिळाला. मुद्रांक शुल्क हा दस्तऐवजांवरील कर असला, तरी त्याची यंत्रणा करमुद्रेचीच आहे. खानापूरच्या अब्दुल करीम तेलगी याने परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याच्या नात्याने या व्यवहारात प्रवेश मिळविला. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रसामग्री हस्तगत केली आणि बनावट मुद्रांक छापून ते अनेक राज्यांत वितरित केले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्यास अजमेर येथे अटक झाली. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी व सुमारे २०२ कोटी रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. या प्रकरणाची चर्चा बहुधा व्यक्ती आणि भ्रष्टाचार यांच्या अंगाने झाली. करशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. विक्रेत्याच्या नोंदवहीत मुद्रांकाची नोंद होत असे. परंतु छापलेले किती, विकलेले किती आणि वापरलेले किती, या तीन संख्या एकत्र मांडून पाहण्याची सोय तत्कालीन व्यवस्थेत नव्हती. कागद खरा दिसतो एवढ्यावरच व्यवहार पार पडत. कागदातील जलचिन्ह कितीही सुबक असले, तरी ते या तीन संख्यांची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतर स्वीकारलेल्या इलेक्ट्रॉनिक भरण्यात भर कागदावरून क्रमांकावर आला. शासनाच्या लेखा प्रणालीत भरलेल्या प्रत्येक रकमेस स्वतंत्र क्रमांक मिळतो. दस्त नोंदविताना दुय्यम निबंधक तो क्रमांक संगणकावर तपासतो आणि त्याचे विरूपण करतो. म्हणजे तो पुन्हा वापरता येणार नाही अशी नोंद करतो. येथे विश्वासाचा आधार मुद्रेचे रूप हा नसून मध्यवर्ती नोंद हा आहे.

मागोवा-पद्धती हेच तत्त्व वस्तूंना लावते. प्रत्येक पाकिटावर अनन्य संकेत छापला जातो. पाकिटे खोक्यात भरताना खोक्याचा संकेत त्या पाकिटांच्या संकेतांशी जोडला जातो, आणि खोकी पेटाऱ्यात जाताना तसेच केले जाते. परिणामी पेटाऱ्याचा एक संकेत वाचला, तरी आतील प्रत्येक नगाचे स्थलांतर नोंदले जाते. ई-वे बिलाहून ही पद्धती या बाबतीत वेगळी आहे. ई-वे बिल खेपेचे असते. गाडीतील अमुक नग कोणता, हे ते सांगत नाही. एकाच बिलावर दोन खेपा नेल्या गेल्यास केवळ बिल पाहून ते उघड होत नाही. नगावरील संकेत दोन ठिकाणी आढळला, तर मात्र त्यांतील एक बनावट, हे तत्काळ कळते.

या दिशेने भारतात कायद्याची तरतूद झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनुसार, वित्त अधिनियम २०२५ अन्वये केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमात कलम १४८ अ जोडण्यात आले. अधिसूचित वस्तूंवर अनन्य, सुरक्षित व काढून टाकता न येणारे चिन्ह लावण्याची सक्ती शासनास त्यान्वये करता येते. उत्पादन-यंत्रांची क्षमता व त्यांचा चालू राहण्याचा काळ यांची माहितीही मागविता येते. उल्लंघनास एक लाख रुपये किंवा देय कराच्या दहा टक्के, यांपैकी अधिक असेल ती शास्ती आहे.

यंत्राच्या क्षमतेचा हा उल्लेख आनुषंगिक नाही. मागोवा-पद्धतीची खरी मर्यादा तेथेच आहे. जो माल साखळीत शिरतो त्याचाच माग निघतो. जो गणनेत आलाच नाही, त्याचा संकेतही नसतो. म्हणून उत्पादनाच्या उगमाशीच मोजणी करावी लागते. सिगारेटच्या यंत्राबाबत हे शक्य आहे. सिन्नर वा सोलापूर येथे घरोघरी वळल्या जाणाऱ्या विडीबाबत असे एक यंत्रच नसते. तेथे मोजणी कारखानदाराच्या घेण्यापासून सुरू होणार, आणि संकेत छापण्याचा प्रत्येक पाकिटामागील खर्च लहान उत्पादकास अधिक जाणवणार.

दुसरा प्रश्न नोंद कोणाच्या ताब्यात असावी, हा होय. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा जागतिक आरोग्य संघटनेचा नयाचार २०१२ मध्ये संमत होऊन २०१८ मध्ये अमलात आला; भारत त्यात २०१८ मध्येच सामील झाला. माग काढण्याविषयीची शासनाची कर्तव्ये तंबाखू उद्योगाकडे सोपविता येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्याच्यावर कर बसवावयाचा त्याच्याच हाती मोजमाप राहिले, तर संकेतांची आधुनिकता निष्फळ ठरते, हा त्यामागील विचार आहे.

सारांश, करमुद्रा ही खूण आहे आणि मागोवा-पद्धती हा हिशेब आहे. खुणेची नक्कल करणे छपाईच्या कौशल्याने साधते. हिशेबाची नक्कल करावयाची तर उत्पादन, वाहतूक आणि विक्री या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी जुळवाव्या लागतात. परंतु हे बळ हिशेबाला आपोआप येत नाही. तिन्ही नोंदी नियमितपणे समोरासमोर ठेवून पाहणारा अधिकारी नसेल, तर अनन्य संकेतही केवळ एक नवी पट्टी होऊन राहील.