इलाज वरून, ओल खालून

"जमिनीला ओल येते ना? मग इपॉक्सी मारून टाका, कायमची कटकट मिटेल." हे वाक्य हार्डवेअरच्या दुकानात ऐकू येतं, लादी बसवणारा मिस्त्री सांगतो, सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की कुणीतरी उठून ठामपणे म्हणतं. मोबाइलवर परदेशातल्या गॅरेजांचे चकाचक व्हिडिओ पाहिलेला पुतण्याही आता तेच सांगू लागलाय. ऐकणाऱ्याला ते पटतं, कारण इपॉक्सीतून पाणी जात नाही हे खरं आहे, आणि त्रास पाण्याचाच आहे हेही खरं. मग मार्चमध्ये बंगल्याच्या गॅरेजचं काम होतं, पाडव्याला नवी गाडी त्या राखाडी चकचकीत जमिनीवर उभी राहते आणि ऑगस्टमध्ये टायरच्या कडेला पहिला फुगा दिसतो. गणपती येईस्तोवर पोपडे सुटलेले असतात. त्यावर निदानही ठरलेलं: "माल डुप्लिकेट दिला."

माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याला जे काम सांगितलं, ते त्याचं नव्हतं.

आपल्याकडे तळमजल्याची जमीन कशी करतात ते आठवा. जोत्यात मुरमाचा भराव, त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, आणि वर कोबा किंवा ट्रिमिक्स. भराव आणि काँक्रीट यांच्यामध्ये जाड काळं प्लॅस्टिक अंथरायला हवं, पण घरगुती कामात ते फार क्वचित दिसतं. काँक्रीट दिसायला दगड असलं तरी आत केसाहून बारीक नलिकांचं जाळं असतं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढलं की या नलिका ते ओढून घेतात. कोबा उघडा असतो तोवर ही ओल पृष्ठभागावर येते आणि हवेत उडून जाते. मागे उरतो तो पांढरा लोणा, ज्याला आपण झाडूनं लोटतो आणि विसरतो. म्हणजे तुमची जमीन वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं पाणी बाहेर टाकत होती. ते दिसत नव्हतं एवढंच.

आता तिच्यावर इपॉक्सीचा थर द्या. पाणी खालून येतच राहतं, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ते थराखाली साचतं. सिमेंटमधले क्षार त्यात विरघळतात आणि तिथं साबणाच्या पाण्याहून कितीतरी तीव्र, पीएच 12 ते 13 इतका अल्कधर्मी द्रव तयार होतो. क्षार एका जागी जास्त झाले की परासरणानं आणखी पाणी तिकडे ओढलं जातं आणि दाब चढतो. असा फुगा कधी दाभणानं टोचून पाहा. आतून पिवळसर, किंचित चिकट पाणी बारीक चिळकांडीनं बाहेर येतं. त्याला लिटमस लावला तर तो निळा होतो. इतका पुरावा समोर असताना मालाच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

पोपडा सुटला असेल तर तो उलटा करून बघावा, ही सवय मी प्रत्येकाला लावू पाहतो. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत आणि ओलसर असेल तर ओल, तेल किंवा दोन्ही. तिथं राखाडी भुकटी चिकटलेली असेल तर इपॉक्सीनं आपलं काम केलंय, ते काँक्रीटच्या वरच्या कच्च्या सालीला घट्ट धरून बसलंय. ती सालच खालच्या काँक्रीटपासून सुटली. मागे खडीचे कण आणि काँक्रीटचा जाड तुकडा आला असेल तर खुद्द काँक्रीटच निकृष्ट. एवढीशी खपली बरंच काही सांगते, आणि लोक ती झाडून कचऱ्यात टाकतात.

मग ते परदेशी व्हिडिओ खोटे का? मुळीच नाहीत. शिकागो किंवा न्यू जर्सीला नातेवाईक असतील तर विचारा. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते गाडीच्या तळाला चिकटून घरी येतं आणि गॅरेजमध्ये बर्फाच्या पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरतं. तो त्रास वरून येणारा. वरून सांडणारं पाणी, ऑइल, ग्रीस यांच्यासाठी इपॉक्सी उत्तमच आहे. खालून येणाऱ्या पाण्यावर तोच इलाज चालेल हे गृहीत धरणं, इथं गाडी घसरते.

"पण ओलीवर चालणारं इपॉक्सी मिळतं हो!" हा प्रतिवाद येतोच, आणि तो चुकीचा नाही. ओल रोखण्यासाठीच बनवलेले खास इपॉक्सी थर असतात. अमेरिकेच्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं त्यांच्यासाठी एफ 3010 हे वेगळं मानक केलंय, आणि त्यात थरातून किती वाफ जाऊ द्यायची याची फार कडक मर्यादा आहे. पण ते लावण्याआधी काँक्रीट यंत्रानं खरवडावं लागतं, थराची जाडी मोजून ठेवावी लागते, सुईच्या टोकाएवढं छिद्रही चालत नाही. दुकानदार तुम्हाला देतो तो डबा हा नव्हे. नेहमीच्या इपॉक्सीचं माहितीपत्रक उघडा. बहुतेक कंपन्यांनी त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की पृष्ठभागातली ओल 4 टक्क्यांहून कमी हवी आणि खालून चढणारी ओल अजिबात नको. कंपनी स्वतः नको म्हणते, आणि आपण त्याच कामासाठी ते विकत आणतो!

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे "28 दिवस झाले, काँक्रीट सुकलं." हा आकडा ताकदीचा आहे. आयएस 456 या भारतीय मानकानुसार काँक्रीटची प्रमाण ताकद 28 दिवसांच्या ठोकळ्यावर मोजतात. सुकण्याशी त्याचा संबंध नाही, कारण सुकणं सुरूच मुळी पाणी मारणं थांबल्यावर होतं. साधा हिशेब करा. 50 किलोच्या गोणीला 30 लिटर पाणी घातलं, तर सिमेंट त्यातलं साधारण 11-12 लिटर रासायनिकरीत्या बांधून ठेवतं. बाकीचं आतल्या पोकळ्यांत राहतं आणि त्यातलं बरंचसं सावकाश वर येतं. अमेरिकेतल्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशननं 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 4 इंच जाडीच्या स्लॅबची वाफ ठरावीक पातळीला यायला, पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 असताना 82 दिवस लागले, 0.7 असताना 130. हे तळ बंद असलेल्या स्लॅबचं, प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेतलं. 0.7 चाच स्लॅब खाली पाण्याला टेकलेला असताना वर्षभरातही त्या पातळीला आला नाही. आपल्या साइटवर पाणी बादलीनं आणि अंदाजानं पडतं, हे वेगळं सांगायला नको.

ओल आहे की नाही हे कसं ओळखायचं? सर्वांत सोपी चाचणी एएसटीएम डी 4263. 18 इंच लांब-रुंद, जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि किमान 16 तास सोडून द्यायचं. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर थांबा. पण प्लॅस्टिक कोरडं निघालं म्हणजे पास झालो असं नाही. ही चाचणी "आहे" एवढं नक्की सांगते, "नाही" असं सांगू शकत नाही. नेमका आकडा हवा असेल तर स्लॅबच्या जाडीच्या 40 टक्के खोलीवर भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात. ती एफ 2170 चाचणी, आणि तिच्यासाठी उपकरण असलेला माणूस लागतो.

खरी गंमत वेळेत आहे. आपल्याकडे ही चाचणी केलीच तर एप्रिल-मेमध्ये करतात, काम सुरू करायच्या आदल्या दिवशी. त्या वेळी विहिरीनं तळ गाठलेला असतो, जमिनीतली ओल खोल गेलेली असते. प्लॅस्टिक कोरडंच निघणार. कोकणात, किंवा काळ्या मातीत बांधलेल्या घरात तर ही शुद्ध फसवणूक आहे, स्वतःचीच. चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा आणि काम दिवाळीनंतर. या दोन तारखांत महिन्या-दोन महिन्यांचं अंतर पडतं म्हणून ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

ओलीनंतरचा दुसरा गुन्हेगार आपल्या कौतुकाचा आहे: घोटाई. चांगला गवंडी कोब्यावर कोरडं सिमेंट शिंपडून थापीनं असा घोटतो की तोंड दिसावं. चालायला, पुसायला ते छानच. इपॉक्सीला मात्र तिथं पकडायला काही नसतं. शिवाय घोटताना पाणी आणि बारीक कण वर येऊन एक कच्ची साल तयार होते. पिठी भुरभुरलेल्या पोळपाटावर चिकटपट्टी लावली तर ती पिठीलाच चिकटते, पोळपाटाला नाही; तसंच इथं होतं. म्हणून यंत्रानं ग्राइंडिंग करून ती साल काढावी लागते, मागोमाग धूळ ओढणारा व्हॅक्यूम लागतो. काँक्रीट दुरुस्तीतली अमेरिकी संस्था आयसीआरआय खरखरीतपणाचे 1 ते 10 नमुने देते. रोलरनं मारायच्या पातळ थराला 2-3 क्रमांकाचा पृष्ठभाग पुरतो, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागणारा. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ग्राइंडिंगचा वेगळा आकडा नसेल तर तो ते करणार नाही, असं समजून चाला.

त्याऐवजी तो काय करेल? "ॲसिड मारून देतो." संडास धुवायचं ॲसिड. बंद गॅरेजमध्ये त्याच्या वाफेनं पान्हे-पक्कडी गंजतात, कामगाराचा घसा जळतो. घोटलेल्या कोब्यावर ते सगळीकडे सारखं खात नाही, आणि जिथं ऑइल मुरलंय तिथं तर काहीच करत नाही. मग ते धुवायला बादल्यांवर बादल्या पाणी, म्हणजे ज्या ओलीला घाबरत होतो ती आपण वरूनही घातली. ऑइल आहे का हे बघायला चार थेंब पाणी टाका. मुरलं तर ठीक. मोती होऊन बसलं तर तिथं इपॉक्सीही बसणार नाही.

बाकीचे गैरसमज एवढे मुरलेले नाहीत, झटपट उरकतो.

"डब्यावर इपॉक्सी लिहिलंय म्हणजे इपॉक्सी." एकाच डब्यात मिळतो तो बहुतेक वेळा रंगच असतो, नावापुरतं इपॉक्सी घातलेला. खरं इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांत येतं, घरच्या अराल्डाइटच्या दोन ट्यूब असतात ना, तेच रसायनशास्त्र.

"हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर सुकतं." लवकर सुकत नाही, बिघडतं. प्रमाण रेणूंच्या हिशेबानं ठरलेलं असतं. जास्तीचा हार्डनर जोडीदार न मिळाल्यानं तसाच उरतो आणि थर मऊ, चिकट राहतो.

"सगळं एकदम कालवून ठेवू." मे महिन्यात नागपुरात हे करूनच बघा. मिश्रण बादलीतच तापतं, धूर निघतो आणि गोळा होतो. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो.

"पावसाळ्यातही चालतं, छप्पर आहे ना." जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सियस वर हवं. नाहीतर थरावर पांढुरकी तेलकट साय धरते आणि पुढचा हात तिच्यावर चिकटत नाही.

"दुसऱ्या दिवशी गाडी लावा." दुसऱ्या दिवशी अनवाणी चाला. गाडीला आठवडा द्या. पुरता न पिकलेला किंवा हलका थर तापलेल्या टायरला चिकटून उचलला जातो, टायरमधली तेलं त्याला आणखी मऊ करतात.

"उघड्या पोर्चमध्येही तेच मारू." उन्हानं इपॉक्सी पिवळं पडतं, खडूसारखी भुकटी सुटते. ऊन येत असेल तर वरचा थर पॉलियुरेथेनचा हवा.

"घसरत नाही." ओलं झालं की घसरतं, आणि चांगलंच. आजी-आजोबा त्याच वाटेनं ये-जा करत असतील तर ओल्या थरावर क्वार्ट्झची वाळू पेरायला सांगा.

"भेगा भरून निघतील." स्थिर भेग पुट्टीनं भरते. हलणारी भेग वरच्या थरालाही चिरते, त्याच रेषेत.

"वास गेला की झालं, हातमोजे कशाला?" कच्चं इपॉक्सी त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी जडते आणि ती बहुधा आयुष्यभर पाठ सोडत नाही. पिकलेला थर निरुपद्रवी. धोका कालवणाऱ्याला आहे, आणि त्याला हातमोजे देणं मालकाचं काम.

आता ऑगस्टमधल्या चाचणीत ज्यांचं प्लॅस्टिक आतून थबथबलं, त्यांनी काय करायचं? इपॉक्सीचे पैसे आधी बाहेर घालवा: छपराच्या पन्हळीचं पाणी जोत्यापासून लांब काढा, अंगणाचा उतार घरापासून उलटा करा, गॅरेजच्या तोंडाशी जाळीची नाली द्या. पुष्कळ घरांत एवढ्यानंच ओल निम्मी होते. कोब्याची धूळ उडते एवढीच तक्रार असेल तर सिलिकेटचं डेन्सिफायर मारून घ्या. ते काँक्रीटमध्ये मुरून त्याला कठीण करतं, वर थर धरत नाही, वाफेला वाट राहते. नाहीतर सरळ खरखरीत शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉक. नवं बांधकाम काढलं असेल तर सोलिंगवर पीसीसी पडायच्या आदल्या दिवशी साइटवर हजर राहा आणि 250 मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर सहा इंच चढवून, स्वतःच्या डोळ्यांदेखत अंथरून घ्या.