वऱ्हाडची साप्ताहिके आणि साहेबाचा कायदा

इंग्रजी अमलातल्या मराठी पत्रसृष्टीचा आढावा म्हटला की 1832चे ‘दर्पण’, 1849चा ‘ज्ञानप्रकाश’, 1881चा ‘केसरी’, 1908 साली टिळकांना मंडाले, 1920चा ‘मूकनायक’ ही वाट ठरलेली. ती वाचकांच्या पायाखालची आहे. माझे भांडण पुण्या-मुंबईत बसून इतिहास लिहिणाऱ्यांशी आहे. वऱ्हाडाची बोळवण ते एका ओळीत करतात.

बोरी अरबात राहून मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहे: साम्राज्याशी झुंज तालुक्याच्या गावातल्या छापखान्यांनीही दिली. अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’ एकोणिसाव्या शतकातले. यवतमाळचे पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांचे ‘हरिकिशोर’ राजद्रोहाच्या खटल्यात सापडले. पुढे लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळातूनच ‘लोकमत’ साप्ताहिक काढले.

झारच्या रशियात बहुतेक मजकूर छापण्याआधीच सेन्सॉरपुढे जाई. आपल्याकडे साहेबाने खिशाला हात घातला. 1910च्या कायद्याने नव्या छापखानेवाल्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागता येई. तो जप्त झाला, तर पुन्हा छापायला हजारापासून दहा हजारांपर्यंत. पुण्यातल्या पत्रामागे वर्गणीदारांचे बळ होते; वऱ्हाडातला मालक कंपोझिटरचा पगारच जेमतेम भागवायचा. त्याने लिहिलेल्या अग्रलेखाची किंमत म्हणूनच मला मोठी वाटते.

दारव्ह्याकडच्या एका वाड्याच्या माळ्यावर मला असा एक जुना अंक मिळाला. पहिल्या पानावर रुई-सरकीचे भाव, शेजारी दिवाणी कोर्टाच्या नोटिसा आणि मधल्या रकान्यात दुष्काळात सारावसुली थांबवा असे ठणकावणारे पत्र. वेलांट्या तुटलेल्या, पण भाषा ताठ. पोट नोटिसांवर भरायचे आणि सरकारला जाब विचारायचा, हे या पत्रांचे रोजचे जगणे होते.

सरकारी भाषांतरकार देशी पत्रांचे सारांश इंग्रजीत करून वरिष्ठांकडे धाडत. ते सारांश सरकारने दप्तरात जपले आणि मूळ अंक आपण रद्दीत घातले. त्यामुळे आज आपल्याच पूर्वजांचा आवाज पाळत ठेवणाऱ्याच्या भाषांतरातून ऐकावा लागतो. हल्लीची तालुक्याची साप्ताहिके तर वाढदिवसाच्या जाहिरातींनी भरलेली असतात. त्यांना जामीन मागावा, असे कोणत्या सरकारला वाटेल?

वाचकांना विनंती एवढीच: घराची साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याला देण्याआधी सोडून पाहा. जुने पत्र निघाले, तर जवळच्या ग्रंथालयात नोंद करून द्या. वऱ्हाडच्या पत्रांचा इतिहास अजून लिहायचा आहे आणि तो या अंकांशिवाय लिहिता येणार नाही.