उजवीकडची सीट

हडपसरात सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ शिकाऊ गाड्यांची. सोलापूर रस्ता अजून पुरता तुंबलेला नसतो आणि गाडीतळावरचा गलका सुरू व्हायचा असतो. अशा वेळी मगरपट्ट्यातल्या आतल्या रस्त्यांवरून, औद्योगिक वसाहतीच्या कडेकडेने, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आणि पुढेमागे तांबडा ‘एल’ लावलेल्या लहान गाड्या मुंगीच्या पावलांनी फिरताना दिसतात. मधूनच एखादी आचका देऊन बंद पडते. मागचा दूधवाला हॉर्न वाजवतो. गाडी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा आचका देते.

यात नवे काही नाही. नवे आहे ते स्टिअरिंगवर बसलेले माणूस. पूर्वी तिथे अठरा-वीस वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा असायचा. आता जरा निरखून पाहा. पंजाबी ड्रेस, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग असे घट्ट धरलेले, की जणू ते सुटले तर गाडी आकाशात जाईल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. तिच्याबरोबर क्वचित एखादे निवृत्तीला आलेले गृहस्थही असतात. आयुष्यभर कंपनीच्या बसने गेले-आले आणि आता मुलाने घेऊन दिलेल्या गाडीपुढे हात जोडून उभे आहेत.

ही माणसे इतकी वर्षे काय करत होती, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर हडपसरच्याच वाढीत आहे. हे मळ्यांचे गाव. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवायचा आणि पुण्याला पोचवायचा, हा इथला जुना क्रम. मग कारखाने आले. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ सालची. तिच्या आगेमागे औद्योगिक वसाहत उभी राहिली. कामगार सायकलवर आला, नंतर कंपनीच्या बसमध्ये बसला आणि ऐपत आल्यावर त्याने बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला. चारचाकी गाडी म्हणजे मालकाची किंवा डॉक्टरांची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला प्रथमच वाटले, की हे आपल्यालाही जमेल. तरी जमायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. पुढे २००० सालाच्या सुमारास मगर कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारायला घेतली, संगणक कंपन्या आल्या, मळ्यांच्या जागी इमारती उठल्या आणि प्रत्येक इमारतीखाली गाड्यांच्या रांगा लागल्या. गाडी घरात आली तेव्हा घरातली कर्ती माणसे चाळिशी ओलांडून गेली होती.

बाईच्या बाबतीत मात्र आणखी एक गाठ आहे, आणि ती मोठी चमत्कारिक आहे. पुण्याच्या बाईला वाहनाचे वावडे कधीच नव्हते. सायकलींच्या या शहरात ती सायकलवर शाळेला गेली. फिरोदियांची लूना १९७२ साली आली, तेव्हा पदर खोचून ती लूनावर बसली. पुढे गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी कायनेटिक होंडा आली आणि मंडईपासून बँकेपर्यंत साऱ्या कामांचा बोजा तिच्या फूटबोर्डवर चढला. १९८८ साली शीला डावरे यांनी याच शहरात रिक्षा चालवायला घेतली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद झाली. ज्या शहराने हे पाहिले, त्या शहरातली बाई गॅस सिलिंडर पायाशी आणि पोर मागे घेऊन गाडीतळाच्या गर्दीतून लीलया निघाली. आणि घरात चारचाकी आली त्या दिवशी ती मुकाट्याने डावीकडच्या सीटवर जाऊन बसली!

तिला कुणी मनाई केली नव्हती. तसे पाहिले तर कुणी बस म्हणालेही नव्हते. दुचाकी कामाची, म्हणून ती बाईची. चारचाकी मानाची, म्हणून ती पुरुषाची, अशी वाटणी न बोलता झाली. शिवाय गाडी महाग. ‘ठोकलीस तर?’ हा प्रश्न मुलाला विचारला जातो तेव्हा त्यात शिकवणी असते. बायकोला विचारला जातो तेव्हा तिथेच विषय संपतो. मुलगा ठोकतो आणि शिकतो. बायको ठोकत नाही आणि शिकतही नाही. अशी वीस वर्षे जातात.

एका चावीची घरे

या वाटणीची किंमत साठीनंतर कळते. आमच्या इमारतीत, आणि तुमच्याही असेल, निम्म्या घरांतली मुले बाहेरगावी किंवा परदेशी आहेत. घरात दोन माणसे, खाली एक गाडी, आणि ती चालवू शकणारे माणूस एकच. त्याचा मोतीबिंदू पिकतो, गुडघ्याचे ऑपरेशन होते, मधुमेहाने पायाच्या संवेदना मंदावतात, आणि गाडी जिथल्या तिथे थांबते. तिच्यावर आच्छादन चढते, आच्छादनावर धूळ. पंधरवड्याला वॉचमनकडून पुसून घ्यायची आणि बॅटरी उतरली की मेकॅनिकला बोलवायचे, एवढाच तिचा संसार उरतो.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी एका रात्री अडीच वाजता काकांच्या छातीत दुखू लागले. काकूंनी पंचवीस वर्षे स्कूटर चालवलेली. चावी दाराजवळच्या खुंटीवर, गाडी लिफ्टच्या समोर, आणि तरी त्या जिना चढून वरच्या मजल्यावरच्या मुलाचे दार ठोठावत होत्या. मुलगा चांगला, तो धावला. काका वाचले, दुखणे पित्ताचे निघाले. पण काकू नंतर म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. ‘‘दुखण्याची भीती वाटली ती वाटलीच. पण माझ्याच गाडीसाठी मला लोकांचं दार वाजवावं लागलं, त्याचं जास्त लागलं बघ.’’

छातीत दुखू लागले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः गाडी काढण्याचे धाडस करू नये, हे खरेच. पण आयुष्य काही रोज रात्री अडीच वाजता येत नाही. ते दुपारी चारला फिजिओथेरपीच्या रूपाने येते, पहाटे लोहगावला उतरणाऱ्या मुलीच्या रूपाने येते, डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या नवऱ्याला घरी आणण्याच्या रूपाने येते. दर वेळी कुणाला तरी ‘जरा येतोस का रे?’ म्हणावे लागते. मागण्याचा कंटाळा येतो आणि मग माणूस जाणेच कमी करतो. म्हातारपण असे चोरपावलांनी येते. पाय चालत असतात, पण फेऱ्या कमी होतात.

पाय टेकवता येत नाही

मी स्वतः बावन्नाव्या वर्षी शिकले. तेव्हा कळले, की दुचाकीची सवय अर्धी मदत करते आणि अर्धी आडवी येते. रहदारी वाचता येते हा मोठा फायदा. रिक्षा कधी वळणार, बसमागून कोण धावत येणार, हे पंचवीस वर्षांच्या सवयीने आधीच कळते. पण दुचाकीवर संकट आले की आपण काय करतो? डावीकडे घेतो आणि पाय टेकवतो. चारचाकीत पाय टेकवता येत नाही, आणि ज्या डाव्या बाजूला आजवर आसरा होता, तीच बाजू नेमकी दिसत नाही. दुचाकीवर आपली रुंदी म्हणजे आपले खांदे. इथे आपल्या डाव्या खांद्यापलीकडे आणखी एक माणूस बसेल एवढी गाडी आहे, हे डोक्याला कळले तरी अंगाला कळायला महिना लागतो.

मग क्लच. गिअर नसलेल्या स्कूटरवर डावा पाय वर्षानुवर्षे बसून खाल्लेला. त्याला अचानक सर्वांत नाजूक काम मिळते. आत इंजिन गरगरत असते, चाके स्थिर असतात आणि या दोघांची गाठ घालून द्यायची असते. झटक्यात घातली तर इंजिन गुदमरून बंद पडते. फार वेळ लोंबकळत ठेवली तर क्लच जळतो. मधल्या एका बिंदूवर गाडीला हलकी थरथर सुटते. तो हाफ क्लच. ‘तो कसा ओळखायचा?’ या प्रश्नाला आमच्या सरांकडे एकच उत्तर होते, ‘‘काकू, कळेल.’’ आणि खरोखर एके दिवशी कळले. दूध उतू जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो जसा पाठ करून कळत नाही, रोज गॅसपाशी उभे राहून कळतो, तसे.

आमचे सर पंचवीस वर्षांचे. त्यांच्या पायाशी स्वतंत्र ब्रेक आणि क्लच असतो, म्हणून आपण जिवंत परत येतो. या वयात नवीन काही शिकताना अवघड काय असते, तर आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाकडून ‘पुन्हा करा’ ऐकणे. कुणी तीस वर्षे शाळेत शिकवलेले असते, कुणी बँकेत शाखा सांभाळलेली असते. शिवाय पोर नुसते पाहून शिकते, प्रौढ माणूस ‘असे का?’ विचारते. मी चौकातच दुसऱ्या गिअरचे प्रयोजन विचारले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, ‘‘प्रश्न नंतर. आधी ब्रेक.’’

शरीराचाही हिशेब ठेवावा लागतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. रस्ता स्पष्ट आणि समोरचा काटा धूसर. रिव्हर्स घेताना मान पुरेशी वळत नाही. पाय ब्रेकवर जायला तरुणापेक्षा क्षणभर उशीर होतो. यावर उपाय साधे आहेत. चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या, सीट जवळ आणि उंच करा, आरशांवर विश्वास ठेवायला शिका आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखा. वेग कमी आणि अंतर जास्त ठेवले की तो क्षणभराचा उशीर भरून निघतो. आणखी एक. नवऱ्याकडून गाडी शिकू नये. गाडीही बिघडते आणि संध्याकाळही.

हडपसरचा अभ्यासक्रम

शिकायला हडपसरसारखी शाळा नाही. पहिली इयत्ता मगरपट्ट्यातल्या सरळ रस्त्यांवर. दुसरी औद्योगिक वसाहतीत, मालट्रकच्या सावलीत. तिसरी थेट सोलापूर रस्त्यावर. या रस्त्याने वाहतुकीचे सगळे प्रयोग अंगावर झेलले. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीची सुरुवात झाली ती इथेच. शेवटी गाडीतळ. तिथे सासवडचा रस्ता फुटतो. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी इथून सासवडकडे वळते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो. एरवी मात्र त्या फाट्यावर सिग्नल, पीएमपीएल, हातगाड्या आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार यांतून गाडी सुखरूप निघाली, की इयत्ता पास. पदवी मिळते ती दिवे घाटात. चढावर ट्रक थांबला, मागे दुसरा ट्रक, आणि गाडी वीतभरही मागे न जाता पुढे न्यायची. हॅण्डब्रेक, हाफ क्लच आणि देवाचे नाव, या क्रमाने.

कायदा वयाला अडवत नाही, फक्त तपासतो. चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात आणि हा परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. नापास झाले तर सात दिवसांनी पुन्हा. पन्नाशीच्या आत परवाना मिळाला तर तो दहा वर्षांचा असतो; पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दर पाच वर्षांनी कुणीतरी आपले डोळे आणि हातपाय पाहावेत, हे आपल्याच भल्याचे. आणि क्लच जमतच नसेल तर आता तेही अडत नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आपोआप गिअर बदलणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. त्यात कमीपणा काही नाही. पाट्यावर वाटले नाही म्हणून चटणीची चव जात नाही.

पुण्यात आधीच गाड्या थोड्या का आहेत, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. भीती वाटलीच पाहिजे. ज्याला ती वाटत नाही त्याच्या शेजारी बसू नये. बस सोयीची असेल तर बसनेच जावे. ज्याची नजर किंवा झोप धड नाही, त्याने हट्ट करू नये. पण इथे प्रश्न रस्त्यावर नवी गाडी आणण्याचा नाही. गाडी खाली उभीच आहे. ती एकाच माणसाच्या तब्येतीवर अवलंबून ठेवायची का, एवढाच तो आहे.

खरी गळती परवाना मिळाल्यानंतर होते. कार्ड पाकिटात जाते, ‘आज तुम्हीच घ्या, गर्दी आहे’ म्हणत बाई पुन्हा डावीकडे बसते आणि सहा महिन्यांत पाय सगळे विसरतो. शेजारच्या काकूंनी यावर एक नियम केला आहे. रविवारी सकाळी भाजी मंडईतून गाडीनेच आणायची, आणि ती काकूंनीच आणायची. काका डावीकडे बसतात. पहिले काही रविवार ते पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. आता ते पेपर घेऊन बसतात. खुंटीवर दुसरी चावी आली आहे, आणि तिला काकूंनी आपल्या जुन्या स्कूटरचेच किचेन लावले आहे.