रानात नसलेला हत्ती

शहापूर-मुरबाडच्या रानात बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. तानसा अभयारण्यात तर एके काळी नामशेष मानला गेलेला रानपिंगळाही सापडला. हत्ती मात्र इथे नाही. महाराष्ट्रात रानटी हत्ती पाहायचा तर दोडामार्गकडे जावे लागते. तिथे २००२ च्या सुमारास कर्नाटकातून ते उतरले. नाहीतर गडचिरोली गाठायची. तिथे कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला कळपही वावरतो. ठाणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत असे काही नाही. तरी कुठल्याही अंगणवाडीत जा: भिंतीवर हत्ती, अंकलिपीत ‘ह’ला हत्ती, खेळण्यांच्या पेटीत सोंडेचा रंग उडालेला हत्ती. बिबट्या खरा, रोजच्या भीतीतला, पण त्याचे खेळणे कोणी मागत नाही. कधी न पाहिलेल्या या जनावरावर मुलांचा एवढा जीव का, हे शोधायला मी निघालो.

हत्तीची या भागातली जुनी नोंद मुरबाडच्या वेशीवर, दगडात आहे. माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यापाशी पोचले की नाणेघाटाची चढण सुरू होते. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरली आहे आणि तिच्यात गाई, घोडे, कार्षापण यांच्याबरोबर हत्तीही आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याला हत्ती ठाऊक होता, पण राजाच्या दारातला. श्रीमंतीचे ते मोजमाप होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला काशाचा हत्ती त्याहूनही कितीतरी जुना. चाके बसवायची सोय असलेल्या बैठकीवर तो उभा आहे. त्याला खेळणे म्हणणे धाडसाचे होईल, मिरवणुकीतला देवही असेल. पण हत्तीला चाके लावून ओढण्याची हौस आपल्या मातीत फार जुनी आहे, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

राजाच्या दारातला हा हत्ती पाड्यावरच्या पोरापर्यंत पोचला तो गणपतीच्या रूपाने, आणि माझ्या मते सगळ्यांत जोरकसपणे बोहाड्यातून. बोहाडा म्हटले की जव्हार-मोखाडा आठवते, पण शहापूरच्या आदिवासी पट्ट्यालाही तो परका नाही. होळी उलटून गेल्यावर, उन्हाळ्याच्या रात्री, मशालींच्या उजेडात मुखवटे चढवलेली सोंगे एकामागून एक येतात. पहिला मान गणपतीचा. कोणते सोंग कोणी नाचवायचे ते घराण्यांत ठरलेले असते. बाप थकला की मुखवटा मुलाच्या डोक्यावर चढतो. मुखवटा हलक्या लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, वर झगझगीत रंग. सोंड त्यातच घडवलेली, ताठ. ती हलत नाही. संबळ घुमू लागला की नाचणारा मान अशी डोलावतो की सोंडच डुलते आहे असे वाटावे. अगदी पुढे, धुळीत मांडी घालून बसलेल्या मुलांना ती डुललेलीच दिसते. पुढे राक्षसांची सोंगे आली की हीच मुले किंचाळत मागे सरतात. गणपतीला कोणी मागे सरत नाही. एवढे मोठे डोके, एवढे मोठे कान, आणि भीती अजिबात नाही. हत्तीशी पहिली ओळख अशी होते.

मग तो हातात उतरतो. भाताच्या खाचरातली ओली माती घेऊन बैल करणे सोपे: धड, वशिंड, शिंगे. हत्तीला मात्र हिकमत लागते. सोंड वेगळी वळून चिकटवली तर वाळताना गळून पडते. म्हणून जाणती मुले डोक्याच्याच गोळ्यातून माती ओढत ओढत सोंड काढतात आणि तिचे टोक पुढच्या पायांपाशी जमिनीला टेकवतात. हत्तीला पाच पाय फुटल्यासारखे दिसते, पण तो मोडत नाही. डोळ्यांना काडीने टोचायचे, कानांना आंगठ्याने दाबायचे. देशावरच्या मुली भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभाराकडचा अंबारीवाला हत्ती मावळ्यांच्या मागे उभा राहतो. मुरबाडजवळ पौषात भरणाऱ्या म्हसेच्या जत्रेत, बैलबाजार आटोपला की बापाच्या खांद्यावरचे पोर ज्या दुकानाकडे बोट दाखवते, तिथे आता प्लॅस्टिकचे हत्ती टांगलेले असतात. खाचरातल्या हत्तीपेक्षा ते देखणे आहेत. पण ते करताना मुलाने काही शोधून काढलेले नाही, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

हे आपल्यापुरतेच आहे असेही नाही. जर्मनीत गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८८० मध्ये टाचण्या टोचायला कापडी हत्ती शिवला. मुलांनी तो खेळायलाच पळवला आणि मऊ खेळण्यांचा एक जगप्रसिद्ध कारखाना त्यातून उभा राहिला. फ्रान्समधला बाबर हत्ती १९३१ मध्ये पुस्तकात आला, पण त्याआधी एक आई आपल्या मुलांना झोपताना ती गोष्ट सांगत होती. हत्तीला सोंड कशी मिळाली याची इंग्रजीतली सर्वांत गाजलेली गोष्ट लिहिणारे किपलिंग तर मुंबईत जन्मलेले. आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचा अप्पू ज्यांनी वह्यांच्या वेष्टनावर पाहिला, ते आज आजोबा व्हायच्या वयात आले आहेत.

पण ज्या गोष्टीने मला माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले ती पंचतंत्रातली आहे. बारा वर्षे पाऊस पडत नाही. तहानेने व्याकूळ झालेला हत्तींचा कळप आपल्या चतुर्दंत राजाबरोबर चंद्रसरोवरावर येतो. काठावर सशांची बिळे. येता-जाता हत्तींच्या पायांखाली ससे चिरडले जातात. तेव्हा एक ससा पुढे होतो, सरोवरात थरथरणारे चंद्राचे बिंब राजाला दाखवतो आणि चंद्रदेव तुझ्यावर रागावला आहे असे सांगतो. हत्ती नमस्कार करतो आणि कळप घेऊन निघून जातो.

शहरात ही गोष्ट सशाच्या चातुर्याची म्हणून सांगतात. शहापुरात ती पाण्याची आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा नंतरची. मुंबईच्या नळाला येणारे बहुतेक पाणी याच डोंगरांतून जाते. आणि एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहतात, आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. मोठे आले की लहानांची बिळे तुडवली जातात, हे इथल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तरी या गोष्टीतल्या हत्तीवर मूल रागावत नाही. कारण तो दुष्ट नाही, तहानलेला आहे. आणि मुख्य म्हणजे तो ऐकतो. वाघाला फसवावे लागते, कोल्ह्याला पळवावे लागते. हत्तीला सांगता येते. आपल्याहून हजारपट मोठा असून जो खाली वाकून ऐकतो आणि वाट बदलतो, असा मोठा कुणाला नको असेल?

खरा हत्तीही मुलाला जवळचा वाटावा असाच आहे. बावीस महिने आईच्या पोटात राहून जन्मलेले, शंभरेक किलोचे पिल्लू उभे राहते, पण सोंडेचे काय करायचे ते त्याला कळत नाही. दूध ते तोंडानेच पिते, सोंड पायात अडखळते, कधी आंगठा चोखावा तशी ते सोंड चोखत बसते. हे एकदा सांगितले की कुठल्याही बालवाडीत हशा पिकतो.

हे सांगायचे कसे, याचा वस्तुपाठ जुन्या ठाणे जिल्ह्यानेच देशाला दिला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ जन्मभर त्यांच्या बरोबरीने राबल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, महाग परदेशी साधने परवडत नाहीत तर बिया, शिंपले, पाने, माती यांतूनच साधने करायची, ही त्यांची रीत. अंगणवाडी हे नावही त्याच कामातून आले. आज अंगणवाडीत पेटीबंद खेळणी पोचतात ते चांगलेच आहे. पण पुष्कळ ठिकाणी हरवतील, मोडतील या भीतीने ती कपाटात राहतात. मातीचा हत्ती मोडला तर त्याच मातीतून दुसरा होतो. कोसबाडची ही साधी शिकवण शहापूर-मुरबाडने सोडू नये.

आणि सांगणारी माणसे इथे आहेत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या अक्षरे गिरवू लागल्या. ज्यांनी जन्मभर गोष्टी तोंडी सांगितल्या, त्या आता नातवाच्या शेजारी बसून चित्रांचे पुस्तक उघडू शकतात. त्यांच्या हाती द्यायला पुस्तके मात्र हवीत. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचे, अशोक राजगोपालन यांचे ‘गजपती कुलपती’ मराठीतही आहे. सर्दी झालेला हत्ती, त्याच्यावर माया करणारे गाव आणि एक प्रचंड शिंक. मोठ्या ठशातली, थोड्या मजकुराची अशी पुस्तके शहरात सहज मिळतात. पाड्यावर ती आपणहून पोचत नाहीत.

मुंबई-ठाण्याहून दर पावसाळ्यात हजारो लोक माळशेजला, माहुलीला, नाणेघाटाला जातात. वाटेत जिल्हा परिषदेच्या शाळा लागतात. पुढच्या वेळी निघताना पिशवीत हत्तीचे एक पुस्तक टाका, ते गुरुजींच्या किंवा अंगणवाडीताईंच्या हातात द्या, आणि कपाटात न ठेवता मुलांना हाताळू द्या, एवढी विनंती त्यांना आवर्जून करा.